मुक्कामाची सोय

ड्रायव्हर : तिथे बघण्यासारखं काही नाही. सहा फलाट आहेत. पाऊस पडला की चौथ्यावर पाणी तुंबतं. कँटीनचा चहा बरा असतो, एवढंच.

लेक : बाबा, मी किल्ल्याचं विचारतेय. शहराच्या मधोमध एवढा थोरला किल्ला आहे.

ड्रायव्हर : असेल. स्टँडवरून दिसत नाही.

लेक : बरं, मग हे. समुद्राचं गाव. हे बघा, नकाशाच्या अगदी कडेला.

ड्रायव्हर : खारी हवा. गाडी दोन दिवस उभी राहिली की बोल्ट गंजतात. एकदा दारच उघडेना. चाळीस माणसं खिडकीतून उतरवली होती.

लेक : आणि समुद्र?

ड्रायव्हर : आवाज येतो.

बायको : ऐक, बयो. एकतीस वर्षं या माणसानं राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी हाणली आणि समुद्राचं काय सांगतो, तर आवाज येतो.

ड्रायव्हर : अगं, पंधरा मिनिटांचा थांबा. त्यात लघवीला जाऊ, टायर बघू, का समुद्र बघू?

लेक : थंड हवेचं ठिकाण?

ड्रायव्हर : एकवीस वळणं. नवव्याला इंजिन तापतं, सतराव्याला मागची पोरं ओकायला लागतात.

लेक : आणि वर पोचल्यावर?

ड्रायव्हर : वर गाडी फिरवायला जागा आहे.

लेक : आई, हसू नकोस. मला दवाखान्यात उद्या रजेचा अर्ज द्यायचाय. एक्स-रे काढणाऱ्या आम्ही दोघीच. मी गेले की तिला सहा दिवस एकटीनं लोकांना 'श्वास रोखा' म्हणायचंय. धाकट्यानंही तिकडे सुट्टी मंजूर करून घेतली. सगळं ठरलं, फक्त कुठे जायचं ते सोडून.

बायको : तेपण ठरलंय. मी गेल्या रविवारीच सांगितलं. मुक्कामाला जायचं.

ड्रायव्हर : पुन्हा तेच. तू आधी त्या शर्टाचं बघ. पंधरा दिवसांत मी घरी बसणार, कॉलर कशाला उलटतेस?

बायको : शेवटच्या दिवशी फाटक्या कॉलरनं निरोप घ्यायचाय का? आणि विषय बदलू नका. शिवताना माझे कान रिकामेच असतात.

ड्रायव्हर : फुकट प्रवासाचा पास काय पुन्हा पुन्हा मिळतो? चौघांचा पास, सहा दिवस, राज्याची हद्द येईपर्यंत. एकतीस तारखेला मी रिटायर झालो की तो कागद झाला. असा पास चांगल्या ठिकाणी वापरावा. आपण समुद्राला जाऊ.

लेक : बोल्ट गंजतात ना?

ड्रायव्हर : आपल्याला कुठे बोल्ट आहेत?

बायको : बघितलंस? आत्तापर्यंत सगळ्या ठिकाणांना नाक मुरडत होते. मुक्काम म्हटल्यावर समुद्र गोड लागला.

ड्रायव्हर : रजा मागायला गेलो तर साहेबांनी चष्मा काढून विचारलं, घरात लग्न आहे, का कुणी गेलं? म्हटलं, नाही साहेब, घरच्यांना घेऊन सहलीला जायचंय. त्यांनी शेजारच्या टेबलाला ऐकवलं, ऐकलंत का, ड्रायव्हर सहलीला चाललाय. सगळं ऑफिस हसलं. मीपण हसलो.

बायको : तुम्ही का हसलात?

ड्रायव्हर : सवय.

बायको : लोकांच्या शाळांना सुट्टी लागली की यांची सुट्टी रद्द. जादा गाड्या. लोकांची पोरं टोप्या घालून यांच्या गाडीतून डोंगर बघायला, आणि माझी पोरं दारात. विचारायची, आई, आपण कुठे जायचं? मी सांगायचे, बाबा गेलेत ना, घरातलं एक माणूस गेलं की सगळे गेल्यासारखंच असतं. काय पण उत्तर. आणि पोरं गप्प बसायची, कारण बाबा आले की तळ्याची गोष्ट मिळणार असायची.

लेक : मला आठवीपर्यंत वाटायचं, मुक्काम हे गावाचंच नाव आहे. बाबा कुठे? मुक्कामाला. कधी येणार? मुक्कामाहून उद्या. भूगोलाच्या पुस्तकात शोधलं होतं मी.

ड्रायव्हर : मुक्कामी गाडी म्हणतात तिला. संध्याकाळी शेवटच्या गावाला न्यायची, रात्र तिथेच काढायची, सकाळी पहिली फेरी घेऊन परतायचं. त्यात गोष्ट कसली?

लेक : कसली म्हणजे? तळ्याकाठची खोली. दारातून पाय बाहेर टाकला की पाणी. हिरव्या गजांची खिडकी. पलंगाला मच्छरदाणी. म्हातारा रखवालदार पहाटे गरम पाणी आणून द्यायचा. निळ्या पट्ट्याची नाव होती. धाकट्यानं त्या नावेला नाव ठेवलं होतं, ढकलगाडी. काल फोनवर त्यानं पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? ढकलगाडी अजून आहे का.

ड्रायव्हर : तो पंचवीस वर्षांचा घोडा झालाय. त्याला नाव कशाला हवी?

लेक : आणि एका पायावर उभा राहणारा बगळा.

ड्रायव्हर : तिथला रस्ता वाईट आहे. शेवटचे बारा किलोमीटर नुसती खडी. तुझ्या आईच्या गुडघ्यांना सोसणार नाही.

लेक : आईच्या गुडघ्यांचा फोटो मी काढलाय. तिला जिने चढायचे नाहीत. बसून प्रवास चालतो. खडीवर गाडी उडते, गुडघा नाही उडत.

ड्रायव्हर : ऊन फार असतं.

बायको : तळ्याकाठी?

ड्रायव्हर : दिवसाला एकच गाडी जाते.

बायको : ती तुम्ही नेता. तुम्हाला वेळ माहीत असेलच.

ड्रायव्हर : माणूस जिथे राबतो तिथे सुट्टीला जातो का? तू सुट्टीत शिलाईच्या दुकानात जाऊन बसशील?

बायको : मला शिलाईच्या दुकानात मच्छरदाणी आणि नाव मिळत असती तर बसले असते.

लेक : बाबा, खरं सांगू? मी परवा फोन केला होता.

ड्रायव्हर : कुणाला?

लेक : त्या गावाच्या कचेरीत. म्हटलं, आधी खोली विचारून ठेवावी. एक बाई बोलल्या, फार चांगल्या होत्या. मी विचारलं, तळ्याकाठी बसवाल्यांची जी खोली आहे, तिच्या आसपास चौघांना राहायला जागा मिळेल का? त्या म्हणाल्या, तळं? आमच्याकडे? ताई, आम्ही पाणी टँकरचं पितो. स्टँडच्या मागे टाकी आहे, ती गळते, तिच्याखाली डबकं साचतं. त्याला तळं म्हणायचं असेल तर या.

ड्रायव्हर : आटलं असेल.

लेक : काय?

ड्रायव्हर : तळं. आटलं असेल.

लेक : तुम्ही मंगळवारी तिथे होतात, बाबा. अजून आठवड्याला दोन रात्री तिथेच असता. आटलं असेल काय? आणि खोली?

ड्रायव्हर : पाडली.

लेक : आणि नाव?

ड्रायव्हर : बुडाली.

लेक : तळं आटलं आणि नाव बुडाली?

बायको : पुरे. त्यांना आणखी खोलात नेऊ नकोस. बयो, तुला तिसरीतला निबंध आठवतो? 'माझे घर'.

लेक : नाही.

बायको : मला पाठ आहे. माझ्या बाबांची दोन घरं आहेत. एक आमचं आणि एक तळ्याकाठी. बाबांना तळ्याकाठचं घर जास्त आवडतं, कारण तिथे कुणी भांडत नाही.

लेक : मी असं लिहिलं?

बायको : दहापैकी आठ गुण. आणि खाली लाल शाईनं, आईला भेटायला सांगणे. बाईंनी मला बसवलं, दार लोटलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी बोलू नये, पण तुम्हाला कल्पना आहे ना? आता पुरुषाला दोन घरं आहेत म्हटल्यावर माणूस काय समजायचं तेच समजणार.

ड्रायव्हर : कोण, त्या जाड चष्म्याच्या बाई? त्या स्टँडवर मला बघून तोंड फिरवायच्या. मला वाटायचं, एकदा त्यांनी हात केला आणि मी गाडी थांबवली नाही, त्याचा राग आहे.

बायको : त्यांना वाटायचं, तुम्ही माझ्या पोरांच्या तोंडचं काढून तिकडे घालताय.

ड्रायव्हर : आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस?

बायको : मी हसून सोडून दिलं असतं. पण शेजारणीजवळ बोलले, तिथे चुकले. ती म्हणाली, आठवड्याला तीन रात्री बाहेर असतो, आणि घरी येतो तेव्हा कसा असतो? म्हटलं, खुशीत असतो, पोरांना गोष्टी सांगतो. म्हणाली, तेच वाईट लक्षण. दमूनभागून आलेला नवरा खुशीत असतो का कधी? ते माझ्या डोक्यात किड्यासारखं शिरलं. मग मी गेले.

ड्रायव्हर : कुठे गेलीस?

बायको : मुक्कामाला.

ड्रायव्हर : काहीतरीच काय.

बायको : शेजारणीचा भाऊ वर्तमानपत्रांची गाडी घेऊन त्या रस्त्यानं जायचा. पोरं तिच्याकडे ठेवली, दवाखान्यात जातेय म्हणून सांगितलं, आणि गठ्ठ्यांवर बसून गेले. पिशवीत चपलांचा एक जादा जोड घेतला होता.

लेक : जादा कशाला?

बायको : पायातली काढण्यात वेळ जायला नको म्हणून.

लेक : आई.

बायको : तू ऐक. उजाडताना पोचले. स्टँड कसला, एक झाड, एक टाकी आणि पत्र्याची पाटी. यांची गाडी झाडाखाली उभी. मी आधी टाकीच्या पलीकडे जाऊन आले, घर शोधत. म्हटलं, तळ्याकाठचं घर कुठेतरी असणार. काही नाही. माळरान. मग गाडीला वळसा घातला. मागच्या खिडकीची काच अर्धी खाली होती. मागची ती सीट असते ना, तिच्यावर हे. पायांना सीट पुरेना म्हणून गुडघे पोटाशी. डास चावू नयेत म्हणून दोन्ही पायांना वर्तमानपत्र गुंडाळून वरून सुतळी बांधलेली. खाली, सीटांच्या मधल्या वाटेत, कंडक्टर, तिकिटांची पेटी उशाला घेऊन. शर्ट वरच्या दांडीला टांगलेला, मी इस्त्री करून दिलेला. हे यांचं दुसरं घर.

(ड्रायव्हर नकाशाची घडी घालायला घेतो. ती बसत नाही.)

ड्रायव्हर : मला उठवायचं होतंस.

बायको : उठवून काय सांगणार होते? बाई शोधायला आले होते, सापडली नाही?

ड्रायव्हर : कुठला महिना होता?

बायको : उन्हाळाच होता. परतीच्या वाटेवर चपला पिशवीत होत्या आणि माझीच मला मारून घ्यावीशी वाटत होती. तुम्ही दुपारी घरी आलात. मी चहा दिला. पोरं तुमच्या मांडीवर. आणि तुम्ही सांगायला लागलात, आज पहाटे काय झालं, रखवालदारानं गरम पाणी आणलं तर त्यात चांदणी पडलेली होती.

ड्रायव्हर : ते आठवतंय मला. ते जरा जास्तच झालं होतं.

बायको : मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. दुसऱ्या आठवड्यापासून तुमच्या पिशवीत दोन चादरी घालायला लागले. एक अंथरायला, एक पायांना.

ड्रायव्हर : मी तुला म्हणालो होतो, तिथे चादर देतात.

बायको : आणि मी म्हणाले होते, त्यांची धुतलेली नसते. तुम्ही गप्प घेतल्यात. मी गप्प दिल्या. एकोणीस वर्षं.

लेक : थांब, आई. म्हणजे तुला माहीत होतं.

बायको : माहीत होतं.

लेक : गेल्या वर्षी बाबांच्या पाठीचा फोटो मी काढला. माझ्या हातानं. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, हा माणूस झोपतो कशावर? आणि मी काय सांगितलं? चांगल्या पलंगावर, आठवड्यातून दोन दिवस तर तळ्याकाठी. मी हे बोलले, आई. पगार घेणारी, शिकलेली बाई, एका डॉक्टरला. तू शेजारी उभी होतीस.

बायको : होते.

लेक : तोंड नव्हतं तुला?

बायको : होतं. त्या दिवशी यांच्याकडे बघितलं, म्हटलं, आता तरी बोलतील. हे डॉक्टरांना म्हणाले, वय झालं. मी तोंड उघडलं असतं तर यांचं खोटं पडलं असतं, तुमच्या दोघांसमोर. मला ते तोडायचं नव्हतं. ज्याचं त्यानं तोडावं.

लेक : चूक केलीस. ती पाठ मोडत चाललीय. मणक्यात एका ठिकाणी जागाच उरलेली नाही.

बायको : चूक केली. म्हणून तर मुक्कामाला जायचं म्हणून अडून बसलेय. हे रिटायर झाले की हे सगळं जमिनीत गाडलं जाणार. मग हे नातवंडांना तळं सांगतील आणि मी पुन्हा नळ सोडून उभी राहीन. ते मला नको.

ड्रायव्हर : तुला अर्धंच माहीत आहे.

बायको : मग उरलेलं सांगा.

ड्रायव्हर : खोली मी हवेतून काढली नाही. खोली आहे.

लेक : बाबा, आता पुन्हा नको.

ड्रायव्हर : डेपोच्या वहीत आहे. मुक्कामाची वही म्हणतात. दर महिन्याला एक पान. गाडी, गाव, ड्रायव्हर, कंडक्टर, आणि शेवटी छापलेलं असतं, मुक्कामाची सोय, आहे, नाही. एकावर खूण करायची, खाली सही. कागदावर त्या गावाला दोन पलंगांची खोली आहे. पंखा आहे. न्हाणीघर आहे. मी नोकरीला लागण्याआधी मंजूर झालेली. बांधली कुणीच नाही, पण वहीतून काढलीही नाही. दर वर्षी तिला रंग देतात.

लेक : कशाला रंग देतात?

ड्रायव्हर : न बांधलेल्या खोलीला. कागदावर. मी ते पान बघितलंय. हिरवा रंग, खिडक्यांसाठी. पलंग त्यांचा, खिडकी त्यांची. मी फक्त तळं वाढवलं.

बायको : आणि तुम्ही कशावर खूण करायचात?

ड्रायव्हर : 'आहे'वर.

बायको : दर महिन्याला?

ड्रायव्हर : दर महिन्याला. माझ्याआधी त्या गाडीवर एक डावखुरा होता. तोंडानं फटकळ, पण हात सोन्यासारखा, खडीवरून गाडी न्यायचा तर मागे झोपलेलं पोर उठायचं नाही. त्यानं सलग तीन महिने 'नाही'वर खूण केली. साहेबांनी बोलावून सांगितलं, अरे, वरून विचारणा होते, कशाला माझ्या डोक्याला ताप? तो म्हणाला, माझी पाठ दुखते, त्याची विचारणा कोण करतो? चौथ्या महिन्यात त्याला वर्कशॉपमध्ये जुने टायर मोजायला बसवलं. सकाळी मोजायचे, संध्याकाळी पुन्हा मोजायचे. ड्रायव्हरला टायर मोजायला बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. वर्षभरात नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी मला घातलं. वही पुढे केली आणि साहेब म्हणाले, तू समजूतदार आहेस. मी हसलो.

लेक : सवय.

ड्रायव्हर : तेव्हा सवय नव्हती. तेव्हाच लागली. घरी आलो तर तू विचारलंस, बाबा, तुम्ही रात्री कुठे झोपलात? चार वर्षांची होतीस. सकाळी डेपोत सही करून आलो होतो की खोली आहे. मग घरात तरी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? एकदा आहे म्हटलं की आहेच. पुढे तू विचारत गेलीस आणि मी बांधत गेलो.

बायको : हे मला माहीत नव्हतं.

ड्रायव्हर : सीटवर झोपण्याची लाज नाही वाटत मला. त्याची लाज त्यांना वाटायला हवी. पण आता उरलेल्या रात्री एक नवा ड्रायव्हर नेतो ती गाडी. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर रस्ता बघायला आला. उतरला आणि विचारतो, काका, खोली कुठेय? मी मागची सीट दाखवली. म्हणाला, वहीत तर तुमची सही आहे. चिडला नाही. नुसतं विचारलं. आता तो पाय दुमडून झोपतो ना, तो माझ्या सहीवर झोपतो. म्हणून मला तुम्हाला घेऊन तिथे जायचं नव्हतं. तळ्याचं काय, तळ्याचं मी निभावलं असतं.

लेक : ते निभावलंतच. आटवलंत.

बायको : या महिन्याचं पान?

ड्रायव्हर : कोरं आहे. रजेवरून आलो की भरायचं. शेवटचं पान.

बायको : मग शेवटचं तरी खरं लिहा.

ड्रायव्हर : बोलायला सोपं आहे. त्याच टेबलावर माझे निवृत्तीचे कागद आहेत. 'नाही' लिहिलं की साहेब विचारणार, मग आधीच्या सगळ्या सह्या काय होत्या?

बायको : खोट्या होत्या म्हणून सांगा.

ड्रायव्हर : कागद अडकवतील.

बायको : अडकवू देत. आता तुम्हाला टायर तर मोजायला लावत नाहीत? जास्तीत जास्त खेटे घालायला लावतील. खेटे आपण दोघं घालू. मला तोंड आहे, तुम्हाला बाकावर बसायचा सराव आहे.

लेक : आणि पाठीचा फोटो माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी त्यावर लिहिलेलंही आहे. यावेळी ते झोपण्याचं वाक्य मी दुरुस्त करून आणते. पाहिजे तर त्या वहीला टाचणी लावून जोडा.

ड्रायव्हर : बघू.

बायको : बघू नाही. तुमच्या 'बघू'वर मी दोन पोरं वाढवलीत.

ड्रायव्हर : लिहीन.

बायको : कशावर खूण?

ड्रायव्हर : 'नाही'वर. सही पण नीट करीन, वाचता येईल अशी. झालं?

बायको : झालं. आता सहलीचं बोला.

ड्रायव्हर : म्हणजे अजून तिथे जायचंच आहे?

बायको : आता तर जायचंच. मागच्या वेळी मी चोरासारखी गेले आणि बाहेरूनच परत फिरले. या वेळी तिकीट न काढता, पास दाखवून, पुढच्या सीटवर बसून जाईन. आणि मागच्या सीटवर एकदा आडवी होऊन बघेन. मला कळायला हवं, चादर किती जाड लागते ते. इतकी वर्षं अंदाजानं देत होते.

ड्रायव्हर : आणि चौघांनी राहायचं कुठे? आता तरी कुणी म्हणू नका, तळ्याकाठी.

लेक : त्या कचेरीतल्या बाईंनी सांगितलंय, शाळा उन्हाळ्यात बंद असते, एक वर्ग उघडून देते, सतरंज्या देते. बाबांसाठी मी इथून जाड गादी घेणार. टपावर टाकू. तुम्ही शाळेत झोपायचं, बाबा, पाय लांब करून. दोन रात्री तिथे. मग मधल्या फाट्यावरून समुद्राची गाडी मिळते ना?

ड्रायव्हर : सव्वाअकराची. फलाट दोन. पण ती फाट्यावर थांबत नाही.

लेक : मग?

ड्रायव्हर : माझ्यासाठी थांबेल.

लेक : मग उरलेले तीन दिवस समुद्र. पंधरा मिनिटांवर तुम्हाला उठू देणार नाही. धाकट्याला मी काय सांगू? तो निळ्या रंगाचा डबा आणीन म्हणत होता, नावेचा पट्टा नवा करायला.

ड्रायव्हर : त्याला मी सांगतो. मी फोन करतो. तू नको.

बायको : आत्ताच करा. चहा ठेवते तोवर.

ड्रायव्हर : करतो. शर्टाला बटण लावलंस का?

बायको : लावलं. हा घ्या. पाठीकडे बघा, सीटच्या रेक्झिनच्या रेघा उमटल्यात. कशानं जात नाहीत. मी आता घासायचंसुद्धा सोडून दिलंय.

लेक : बाबा, फोन करण्याआधी एक सांगा. म्हणजे मला नीट कळू दे, काय काय पुसायचं ते. रखवालदार नव्हता?

ड्रायव्हर : नाही.

लेक : मच्छरदाणी, गरम पाणी, ढकलगाडी, सगळं नाही?

ड्रायव्हर : नाही.

लेक : आणि बगळा?

बायको : बगळा होता. मी बघितला. टाकीखालच्या डबक्यात.

लेक : एका पायावर?

बायको : मला वेळ कुठे होता त्याचे पाय मोजायला? मी बाई शोधत होते.

ड्रायव्हर : एका पायावरच. सकाळी गाडी मागे घेताना डाव्या आरशात दिसायचा. तो आपण होऊन उडेपर्यंत मी हॉर्न द्यायचो नाही.